पेशीद्रव्य जिवंतपणी पाहायचं तर: कांदा, हायड्रिला आणि ऱ्हिओचं पान

वनस्पतिपेशीची आकृती काढताना मुलं केंद्रकाला झकास गोल काढतात, हरितलवकांना हिरवा रंग देतात, तंतुकणिकेच्या आतल्या घड्या जीभ बाहेर काढून एकेक करून रेखाटतात. पेशीद्रव्याच्या, म्हणजे केंद्रकाभोवतीच्या जिवंत द्रव्याच्या, वाट्याला येतात चार ठिपके आणि उरलेल्या मोकळ्या जागेकडे नेलेली एक रेघ. जागा उरली म्हणून नाव दिलं, असाच एकूण भाव असतो.

यात मुलांची चूक नाही. मी स्वतः शिकवायला लागले तेव्हा पहिली काही वर्षं कांद्याच्या सालीवर आयोडीन टाकायचे, सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड सरकवायचे आणि सांगायचे, "हे पिवळट दिसतंय ना, ते पेशीद्रव्य." एकदा सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, पुस्तकात लिहिलंय ते सतत हालचाल करत असतं. हे तर हलतच नाहीये." ती म्हणत होती ते खरंच होतं. आयोडीननं पेशी मरते, आणि मेलेल्या पेशीतलं पेशीद्रव्य हलणार कुठून? त्या रविवारी मी घरी बसून पहिल्यांदा आयोडीनशिवाय साल पाहिली. तेव्हापासून मी हा पाठ उलट्या क्रमानं घेते: आधी जिवंत पेशी, मग रंग, आणि व्याख्या सगळ्यात शेवटी.

पुढे दिलंय ते घरी किंवा शाळेत तीन-चार तासांत होण्यासारखं आहे. आई-बाबांना, शिक्षकांना आणि आठवी ते बारावीच्या कुणालाही जमेल.

सामान

सूक्ष्मदर्शक लागेल, शाळेत असतो तसा साधा. नेत्रिका १०× आणि ४×, १०×, ४०× अशा तीन वस्तुभिंगांचा असला की झालं. कागदी फोल्डस्कोपवर कांद्याच्या पेशी छान दिसतात, पण त्याचं वर्धन सुमारे १४० पट. पेशीद्रव्याचा प्रवाह त्यात दिसला तर नशीब म्हणायचं. ४०० पट वर्धन मिळालं तरच खरी मजा.

बाकी सामान असं: काचपट्ट्या, आच्छादक काचा, ड्रॉपर, चिमटा, नवं ब्लेड (अर्ध्या बाजूला चिकटपट्टी गुंडाळून, आणि कापायचं काम मोठ्या माणसानंच करायचं), टिश्यू पेपर, मीठ, एक लाल कांदा. हायड्रिला ही पाणवनस्पती मत्स्यपेटीच्या दुकानात पाच-दहा काड्यांच्या जुडीत मिळते. काही ठिकाणी तळ्यात-विहिरीतही असते. तिथून आणली तर दोन दिवस स्वच्छ पाण्यात, उजेडात ठेवा. तिसरी वनस्पती ऱ्हिओ. पान वरून हिरवं, खालून गर्द जांभळं. सोसायटीच्या कुंपणाशी, सरकारी कार्यालयांच्या कुंड्यांत ती हमखास असते, फक्त नाव कुणाला माहीत नसतं. विचारून एक पान तोडा.

पहिलं पाऊल: कांदा, पण आयोडीनशिवाय

कांदा चार भागांत चिरा. मधली एक मांसल पाकळी घ्या आणि तिची आतली, म्हणजे खोलगट बाजू पाहा. पाकळी मधोमध मोडली की त्या बाजूला ओल्या प्लास्टिकसारखा पातळ पापुद्रा सुटतो. चिमट्यानं तो हळूच ओढा. नखाएवढा तुकडा पुरे. काचपट्टीवर पाण्याचा थेंब आधी टाका, त्यात पापुद्रा पसरा. थेंब नंतर टाकला तर पापुद्रा गुंडाळतो आणि मग तो उलगडण्यात अर्धा तास जातो. आच्छादक काच एका कडेनं टेकवून हळूहळू आडवी सोडा. तरी बुडबुडे राहतातच. जाड काळी कड असलेला गरगरीत गोल दिसला की मुलं "केंद्रक सापडलं!" म्हणून ओरडतात. तो बुडबुडा असतो.

४× वर पेशी शोधा, १०× वर नेमक्या करा, मगच ४०× फिरवा. ४०× वर मोठा स्क्रू अजिबात फिरवायचा नाही. काच फुटते आणि भिंगावर ओरखडा पडतो. शाळेतल्या निम्म्या सूक्ष्मदर्शकांची भिंगं याच कारणानं धुरकट झालेली असतात.

आता सगळ्यात महत्त्वाची युक्ती. मंचाखालची उजेडाची झडप जवळजवळ बंद करा. रंग न दिलेली पेशी पारदर्शक असते, भरपूर उजेडात तिच्यातलं काहीच कळत नाही. उजेड कमी केला की कडा उठून दिसतात, आणि मग पेशीच्या भिंतीलगत, कधी पेशीच्या मधून गेलेल्या बारीक धाग्यांवरून, धुळीसारखे कण सरकताना दिसतात. एखादा कण थांबतो, मागे वळतो, पुन्हा निघतो. डोळा बसायला दोन-तीन मिनिटं लागतात, तेवढा धीर धरा. एका मुलानं पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा तो पटकन मागे सरकून म्हणाला, "आत मुंग्या आहेत."

हे कण म्हणजे पेशीद्रव्यातली बारीक अंगकं (आपापलं ठरावीक काम करणारे पेशीचे छोटे भाग), आणि ते ज्या धाग्यांवरून जातात ते पेशीद्रव्याचेच पट्टे.

इथे आकृतीतली एक मोठी गफलत लक्षात येते. पेशीच्या मध्यभागी जी मोठी मोकळी जागा दिसते तिला आपण सर्रास पेशीद्रव्य म्हणतो. प्रत्यक्षात ती रिक्तिका, म्हणजे पाणीदार रसाची पिशवी असते. पूर्ण वाढलेल्या वनस्पतिपेशीत रिक्तिका आकारमानाचा ९० टक्क्यांपर्यंत भाग व्यापू शकते. पेशीद्रव्य उरतं भिंतीलगतच्या पातळ अस्तराएवढं, आणि रिक्तिकेतून आरपार गेलेल्या त्या चार-दोन पट्ट्यांएवढं. वहीत काढताना रेघ त्या अस्तराला जोडा.

हे पाहून झालं की हवं तर आयोडीन टाका. औषधाच्या दुकानातलं जखमेचं आयोडीन पाण्यात पातळ करून चालतं. केंद्रक पिवळट तपकिरी होऊन स्पष्ट दिसेल आणि कणांचा प्रवास थांबेल. आधी आणि नंतर, दोन्ही एकाच पेशीत पाहिलं तर मुलांना वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

गालाच्या आतल्या पेशींचा प्रयोगही सगळीकडे करतात. जरूर करा, पण प्रवाहाची अपेक्षा ठेवू नका. गालावरून निघालेल्या पेशी गळून जाण्याच्या बेतातल्याच असतात, आणि काचपट्टीवर त्या पापडाच्या तुकड्यासारख्या निपचित पडून राहतात.

दुसरं पाऊल: हायड्रिला

कांदा ही तालीम झाली, खरा खेळ हायड्रिलाचा. काडीच्या शेंड्याजवळचं एक कोवळं पान चिमट्यानं बुडाशी धरून तोडा. कापायची, सोलायची भानगड नाही, कारण पान बहुतेक ठिकाणी दोनच पेशींच्या थराचं असतं आणि उजेड सरळ आरपार जातो. पाण्याच्या थेंबात ठेवा, आच्छादक काच टाका आणि टेबल लॅम्पखाली दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. पाणी कोमट, हाताला सुखद वाटेल इतपतच हवं.

४०० पट वर्धनावर पानाच्या मधल्या शिरेजवळच्या लांबट पेशी शोधा. एका पेशीवर नजर रोखा. आधी सगळी हरितलवकं भिंतीलगत गप्प बसलेली दिसतील. मग त्यातलं एक सरकेल, त्याच्यामागे दुसरं, आणि थोड्या वेळात अख्खी रांग पेशीच्या कडेकडेनं प्रदक्षिणा घालू लागेल. एका पेशीतली सगळी हरितलवकं एकाच दिशेनं फिरतात. शेजारच्या पेशीत दिशा उलटी असू शकते.

हे घडायला पान तोडल्याचा धक्का, उजेड आणि ऊब कारणीभूत ठरतात. काडीवरच्या अबाधित पानात बऱ्याचदा एवढी धावपळ नसते. म्हणून पहिल्या मिनिटाला काही दिसलं नाही तर पान फेकू नका. पंधरा मिनिटं थांबा, पान उलटून पाहा, दुसरी पेशी निवडा. माझा अनुभव असा की तीन पानांपैकी एखादं तरी कामाचं निघतंच.

मोबाइल नेत्रिकेवर टेकवून एक मिनिटाचा व्हिडिओ घ्या आणि आठपट वेगानं चालवा. वर्गातल्या चाळीस जणांनी रांगेत उभं राहण्यापेक्षा हे सोपं, आणि घरी आजीलाही दाखवता येतं.

हा प्रवाह पहिल्यांदा नोंदवला इटलीतल्या बोनाव्हेंतुरा कोर्ती यांनी, १७७४ मध्ये, पाण्यातल्या कारा नावाच्या शैवालात. पेशीचा सिद्धान्त तेव्हा जन्मलाही नव्हता. त्याच्याही शंभर वर्षं आधी, १६६५ मध्ये, रॉबर्ट हूक यांनी बुचाच्या कापात जी कप्प्यांची जाळी पाहिली ती मेलेल्या पेशींच्या भिंतींची. घर पाहिलं, पण राहणारे केव्हाच निघून गेले होते. आतल्या द्रव्याला नाव मिळायला एकोणिसावं शतक उजाडलं. फेलिक्स द्यूजार्दँ यांनी १८३५ मध्ये त्याला सार्कोड म्हटलं, पुर्किन्ये यांनी १८३९ मध्ये प्रोटोप्लाझ्म हा शब्द वापरला, आणि सायटोप्लाझ्म हा शब्द १८६० च्या दशकात कोलिकर यांनी आणला. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यालाच पेशीद्रव्य म्हणतात.

वेग मोजा

हा भाग बहुतेक जण वगळतात. मला तो सगळ्यात आवडतो, कारण इथे नुसतं पाहणं संपून हिशेब सुरू होतो.

४× भिंगाखाली पारदर्शक पट्टी ठेवा आणि दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास किती मिलिमीटर आहे ते वाचा. समजा ४.५ मिमी आला. ४०× भिंगाखाली तो दहापट कमी, म्हणजे ०.४५ मिमी, म्हणजेच ४५० मायक्रोमीटर. आता या व्यासात लांबीनं किती पेशी मावतात ते मोजा. पाच मावल्या तर एक पेशी ९० मायक्रोमीटर लांब. एक हरितलवक पेशीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती सेकंदांत जातं ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर पाहा. पंधरा सेकंद लागले तर वेग झाला सेकंदाला ६ मायक्रोमीटर, म्हणजे तासाला जेमतेम दोन सेंटिमीटर. गोगलगाय याहून कितीतरी वेगानं जाते. पण हरितलवक स्वतः पाचेक मायक्रोमीटर लांबीचं असतं. त्याच्या मापानं तो दर सेकंदाला स्वतःच्या लांबीइतका प्रवास झाला.

दहा हरितलवकं मोजा आणि सरासरी काढा. आकडे एकमेकांशी जुळणार नाहीत. म्हणून आपलं चुकलं असं समजू नका, ती जिवंत आहेत.

पण फिरायचं कशाला?

साखरेचा कण पाण्यात टाकला की तो न ढवळताही पसरतो. याला विसरण म्हणतात. पेशीतही रेणू असेच पसरतात. मग ढवळायची गरज काय?

गरज अंतरामुळे पडते. अंतर दुप्पट झालं की विसरणाला वेळ चौपट लागतो, अंतर दहापट झालं की शंभरपट. लहान रेणूला १० मायक्रोमीटर जायला साध्या पाण्यात सुमारे ०.१ सेकंद पुरतो. एवढ्याशा पेशीला ढवळणीची काही गरज नाही. १ मिलिमीटर जायला मात्र पंधराएक मिनिटं लागतात. आणि काराची एक-एक पेशी काही सेंटिमीटर लांब असते! ५ सेंटिमीटर अंतर नुसत्या विसरणानं कापायचं तर चारेक आठवडे लागतील. काराच्या पेशीतलं पेशीद्रव्य सेकंदाला १०० मायक्रोमीटरपर्यंत वेगानं वाहतं. तेच अंतर ते दहाएक मिनिटांत पार करतं.

ही ओढ येते कुठून? पेशीद्रव्यात प्रथिनांच्या तंतूंचं जाळं असतं, त्याला पेशीकंकाल म्हणतात. त्यात ॲक्टिनचे सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचे तंतू असतात आणि सुमारे २५ नॅनोमीटर जाडीच्या सूक्ष्मनलिका असतात. प्राणिपेशीत या दोन्हींच्या मधल्या जाडीचे, सुमारे १० नॅनोमीटरचे, आणखी एका प्रकारचे तंतूही असतात. वनस्पतीत मायोसिन नावाचं प्रथिन अंगकं पाठीवर घेऊन ॲक्टिनच्या तंतूवरून पावलं टाकत जातं, आणि त्याच्या ओढीनं आजूबाजूचा द्रवही वाहतो. आपल्या दंडाचा स्नायू आकुंचन पावतो तोही ॲक्टिन-मायोसिनच्याच जोडीवर. हायड्रिलाचं पान आणि पैलवानाचा दंड एकाच यंत्रावर चालतात, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

मायोसिनच्या प्रत्येक पावलाला एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, खर्च होतो, म्हणजे फिरणं फुकट नाही. हे तपासून पाहता येतं. आच्छादक काचेच्या एका कडेला बर्फाच्या पाण्याचा थेंब सोडा, दुसऱ्या कडेला टिश्यू पेपर टेकवा. गार पाणी काचेखाली ओढलं जाईल आणि प्रवाह मंदावेल. कोमट पाणी तसंच ओढून घ्या, पुन्हा वेग येईल. शेवटी अल्कोहोलच्या सॅनिटायझरचा थेंब सोडा. प्रवाह थांबतो, आणि मग कितीही कोमट पाणी दिलं तरी सुरू होत नाही. हा थेंब शेवटीच टाकायचा. एकदा माझ्या वर्गात घाईघाईनं तो आधी टाकला गेला आणि पुढचा तास मेलेल्या पानाकडे बघण्यात गेला.

तिसरं पाऊल: ऱ्हिओ आणि मिठाचं पाणी

ऱ्हिओचं पान तिरकं फाडा. फाटलेल्या कडेला जांभळा, पारदर्शक पापुद्रा लोंबताना दिसेल. तो साध्या पाण्यात ठेवून १०० पट वर्धनावर पाहा. फरशी बसवावी तशा जांभळ्या बहुकोनी पेशी, आणि मधेमधे हिरवी पर्णरंध्रं दिसतील.

१०० मिली पाण्यात एक सपाट छोटा चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ विरघळवा. हे पाणी टिश्यू पेपरच्या युक्तीनं काचेखाली ओढा. काही मिनिटांत जांभळा भाग भिंतीपासून सुटतो, आक्रसतो आणि पेशीच्या मध्यभागी गोळा होतो. हा रससंकोच. भिंत जागची हलत नाही, ती ताठ असते.

आता नीट पाहा. जांभळा रंग रिक्तिकेतला आहे, पेशीद्रव्यातला नाही. पाणी मुख्यतः रिक्तिकेतून जातं, आणि तिच्याभोवतीचं पेशीद्रव्याचं अस्तर त्याच्या बाहेरच्या पातळ आवरणासकट (प्रद्रव्यपटलासकट) तिच्यासोबत आत ओढलं जातं. "पेशीद्रव्य आकसतं" असं पुस्तकात एका वाक्यात लिहिलेलं असतं. ते चूक नाही, पण पाणी कुठून गेलं हे त्यातून कळत नाही. जमलं तर ४०० पटीवर, उजेड कमी करून, जांभळ्या गोळ्याच्या कडेला पाहा. रंगाच्या बाहेर एक अगदी पातळ, रंगहीन कड दिसते. पेशीद्रव्य आहे ते तेवढंच.

लगेच साधं पाणी ओढून घेतलं तर गोळा पुन्हा फुगून भिंतीला टेकतो. मिठात फार वेळ ठेवलं तर नाही टेकत. दुसरा पापुद्रा दोन मिनिटं उकळून मग मीठ घाला. काही आकसणार नाही, कारण पाणी आत-बाहेर सोडण्यावर नियंत्रण ठेवणारं पटलच उकळण्यानं निकामी झालेलं असतं, आणि जांभळा रंगही बाहेर झिरपलेला दिसेल. वांग्याची भाजी शिजली की जांभळेपण उतरतं त्यामागेही फुटलेली पटलंच असतात. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर सुटणारं पाणी हेही याच नात्यातलं.

सूक्ष्मदर्शकाला न दिसणारी बाजू

पेशीद्रव्याचे दोन भाग समजून घ्यायला हवेत. अंगकं वगळली की उरतो तो पेशीद्रव. बहुतांश पाणी, त्यात क्षार, शर्करा, अमिनो आम्लं आणि मुख्य म्हणजे प्रथिनं. "पाणीच तर आहे" म्हणून याच्याकडे दुर्लक्ष होतं. पण गर्दी किती असते याचं एक उदाहरण तुमच्याच बोटात आहे. तांबड्या रक्तपेशीत दर १०० मिलिलिटरला सुमारे ३३ ग्रॅम हिमोग्लोबिन असतं, म्हणजे वजनानं जवळजवळ तिसरा हिस्सा एकच प्रथिन. साखरेच्या पाकाहून ही अवस्था गणपतीच्या आधीच्या रविवारी पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यावर असते तशा गर्दीसारखी आहे: सगळे चालतायत, पण कुणीही मोकळं चालत नाही.

तांबडी पेशी आणखी एका कारणासाठी मोलाची. तिच्यात केंद्रक नाही, ऊर्जा बनवणाऱ्या तंतुकणिका नाहीत. पटलाची पिशवी आणि आत पेशीद्रव, एवढाच संसार. तरी ती सुमारे १२० दिवस रक्तातून फिरते, स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतून अंग चोरून निघते. ऊर्जा कुठून मिळते? ग्लुकोज-विघटनातून. ग्लुकोजच्या एका रेणूचे पायरुविक आम्लाचे दोन रेणू होतात, दहा टप्प्यांत, आणि हाती निव्वळ दोन एटीपी पडतात. हे दहाही टप्पे पेशीद्रवात होतात, एकालाही अंगक लागत नाही. परीक्षेत "पेशीद्रव्याचं कार्य" विचारतात तेव्हा "अंगकांना आधार देणे" एवढंच लिहून थांबणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

याच गर्दीत एका जागी बदल झाला तर काय होतं, हे नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भातल्या कितीतरी कुटुंबांना ठाऊक आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलीन हे दुसरं अमिनो आम्ल असतं. प्राणवायू सोडल्यावर असे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनवतात. आतला वाहता द्रव घट्ट होतो आणि पेशी विळ्यासारखी वाकडी होते. केशवाहिनीत ती अडकते, तिथूनच असह्य दुखणं सुरू होतं. पेशीद्रव वाहता राहणं किती गरजेचं, ते या आजारात कळतं.

क्षारांचं गणितही वेगळं आहे. आपल्या पेशींच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त. कॅल्शियम तर आत बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी ठेवलेलं असतं. एवढं कमी का? थोडंसं आत शिरलं तरी ते ठळकपणे जाणवावं म्हणून. शांत घरात दाराची कडी वाजली की लगेच कळतं, तसं. स्नायूचं आकुंचन अशाच कॅल्शियमच्या कडीवर सुरू होतं.

प्रथिनं बनवणारे रायबोझोमही इथेच, काही पेशीतल्या पटलांच्या जाळ्याला (आंतर्द्रव्यजालिकेला) चिकटलेले, काही पेशीद्रवात मोकळे. त्यांची रचना उलगडल्याबद्दल वेंकटरामन रामकृष्णन यांना २००९ मध्ये दोघांसोबत रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

या रसायनाचा घरगुती प्रयोग म्हणजे यीस्ट. कोमट पाणी अर्धा कप, दोन चमचे साखर, एक चमचा सुकं यीस्ट, हे छोट्या बाटलीत घालून तोंडाला फुगा लावा. तासाभरात फुगा उभा राहतो. किण्वनाची, म्हणजे साखर आंबण्याची, ही सगळी साखळी यीस्टच्या पेशीद्रवात चालते. एदुआर्द बुखनर यांनी १८९७ मध्ये यीस्ट वाळूबरोबर घोटून पेशी फोडल्या, रस पिळून काढला आणि टिकावा म्हणून त्यात साखर घातली. रसातून बुडबुडे यायला लागले! एकही जिवंत पेशी नसताना किण्वन चालू. जिवंतपणाशिवाय हे होत नाही, ही समजूत तिथे मोडली. १९०७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

ज्वारीच्या बियाण्यातलं पेशीद्रव्य

एक आडवळण घेते. पेशीद्रव्य वारशानंही मिळतं, आणि ते आईकडून. बीजांडातल्या अंडपेशीत भरपूर पेशीद्रव्य असतं, परागाकडून बहुतेक पिकांत फक्त केंद्रक येतं. तंतुकणिकांचे स्वतःचे जनुक असतात, ते या आईच्या पेशीद्रव्यातूनच पुढे जातात.

ज्वारीचा सीएसएच-१ हा संकरित वाण भारतात १९६४ मध्ये आला, तो याच गोष्टीवर उभा होता. मायलो प्रकारच्या ज्वारीच्या पेशीद्रव्यात काफिर प्रकारचं केंद्रक आलं की दोघांचं जमत नाही आणि कणसात कामाचे पराग तयार होत नाहीत. म्हणजे आयती मादी मिळाली. ज्वारीचं फूल एवढंसं, हातानं परागकोश काढत बसलं तर एकरभर बियाणं जन्मात व्हायचं नाही. बियाण्याच्या प्लॉटमध्ये मादीच्या ओळी आणि नराच्या ओळी शेजारी लावायच्या आणि बाकीचं वाऱ्यावर सोडायचं. नराकडून येणारं जनुक पुढच्या पिढीत पराग पुन्हा सुरू करतं, म्हणून शेतकऱ्याच्या शिवारात दाणा भरतो. कांद्याच्या संकरित बियाण्यातही हीच युक्ती वापरतात.

सगळ्यांनी एकच पेशीद्रव्य वापरण्यात धोकाही आहे. १९७० मध्ये अमेरिकेतल्या बहुतांश संकरित मक्यात 'टेक्सास' नावाचं एकाच प्रकारचं पेशीद्रव्य होतं. पानांवरच्या करपा रोगाच्या बुरशीला नेमकं तेच मानवलं आणि त्या वर्षी सुमारे १५ टक्के पीक गेलं. केंद्रकं निरनिराळी होती, पण कमकुवतपणा पेशीद्रव्यात होता.

काही फसलं तर

काहीच दिसत नाही: उजेड जास्त आहे, झडप बंद करा. पेशी दिसतात पण धूसर: पापुद्रा दुहेरी झालाय, नवा काढा. हायड्रिलात हालचाल नाही: पान जुनं आहे किंवा पाणी गार. दुकानातल्या गार पाण्याच्या टाकीतून आणलेली काडी एक रात्र घरच्या तपमानाला ठेवली की सुधारते. सगळे कण एकाच वेळी एकाच बाजूला वाहतायत: तो पेशीद्रव्याचा प्रवाह नाही. काचेखालचं पाणी सुकतंय आणि स्लाइडच सरकतेय, कडेला एक थेंब घाला. कण जागच्या जागी थरथरतायत पण पुढे जात नाहीत: ती पाण्याच्या रेणूंच्या धडकांमुळे होणारी ब्राउनी हालचाल. मेलेल्या पेशीतही ती चालू राहते, तिला फसू नका. प्रवाहातला कण ठरावीक वाटेनं, लांबवर जातो.

झाल्यावर काचा साबणानं धुऊन कोरड्या करा. हायड्रिलाची उरलेली काडी विहिरीत, तळ्यात, नाल्यात टाकू नका. तुकड्यापासून ती वाढते आणि मग पाणी दिसेनासं होतं. काचेच्या बरणीत, खिडकीशी, नळाचं पाणी घालून ठेवा. पाणी दर आठवड्याला बदललं तर महिनोन्महिने टिकते. आमच्याकडची जुडी गेल्या दिवाळीपासून त्याच बरणीत आहे, आणि रविवारी सकाळी कुणी ना कुणी तिचं एक पान मागायला येतंच.